राजा हा ‘विषय’ नाही : फ्रेंच कोट्यांची गोष्ट



आज आपण फ्रेंच भाषेतल्या कोट्या आणि शब्दखेळ यांच्याविषयी बोलणार आहोत. विषय हलका वाटेल. भाषेचा इतिहास लिहिताना राजे, अकादमी, शब्दकोश यांना मोठी जागा मिळते आणि कोटीच्या वाट्याला फार तर एखादी तळटीप येते. आज आपण ती तळटीप वर घेऊ. कारण फ्रान्समध्ये शुद्ध भाषा हा गेली जवळजवळ चारशे वर्षं दरबारी, सरकारी मामला आहे. अशा देशात कोण कोणाच्या शब्दाशी खेळतं, हा प्रश्न हसण्यापुरता उरत नाही. सत्तेचाच एखादा शब्द उचलायचा, त्याला जरा कलता करायचा आणि सत्तेच्याच हातात परत द्यायचा, हा उद्योग तिथे पिढ्यान्‌पिढ्या चाललेला आहे. त्याची चार-पाच उदाहरणं आपण पाहणार आहोत.

आधी एक साधा प्रश्न. फ्रेंच भाषेतच कोट्यांचं एवढं पीक का?

याचं उत्तर कानात आहे. लॅटिनमधून फ्रेंच घडताना शब्द झिजत गेले. शेवटची व्यंजनं तोंडातून गेली, पण कागदावर राहिली. लॅटिनमध्ये ‘विरिदिस’ म्हणजे हिरवा, ‘वित्रुम’ म्हणजे काच, ‘वेर्मिस’ म्हणजे किडा, ‘वेर्सुस’ म्हणजे कवितेची ओळ आणि ‘वारियुस’ म्हणजे रंगीबेरंगी. पाच वेगळे शब्द, कानाला पाच वेगळे आवाज. फ्रेंचमध्ये यांचं काय झालं? पाचही शब्दांचा उच्चार ‘वेर’ झाला. लिहायचे मात्र पाच तऱ्हांनी. ‘वारियुस’वरून आलेला ‘वेर’ म्हणजे खारीच्या कातडीची उंची लोकर. सिंड्रेलाचा बूट काचेचा की या लोकरीचा, यावर फ्रान्समध्ये गंभीर वाद झाला. पेरोने १६९७ साली छापलेल्या गोष्टीत स्पष्ट काचच आहे. पण काचेचा बूट घालून नाचणार कसं, म्हणून एकोणिसाव्या शतकात बाल्झाकसारख्यानेही लोकरीचा पक्ष पुढे आणला. कानाने ऐकून हा वाद मिटणं शक्यच नव्हतं.

मराठीत आपलं नेमकं उलटं आहे. आपण साधारण बोलतो तसं लिहितो. आपल्याकडे गंमत होते ती लिहिलेलं एक आणि वाचायचं दोन तऱ्हांनी, अशी. ‘जरा’ हा शब्द घ्या. ‘जरा थांबा’ मधला ‘ज’ वेगळा आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’ मधला ‘ज’ वेगळा. आमच्या वयाला दोन्ही लागू पडतात, ते असो. सांगायचं एवढंच, की आपल्याकडे एका लेखनाचे दोन आवाज होतात आणि फ्रेंचमध्ये एका आवाजाची पाच लेखनं होतात. डोळा आणि कान यांच्यातली ही फट फ्रेंचमध्ये खूप रुंद आहे, आणि कोटी त्या फटीत राहते.

आपल्या अलंकारशास्त्राने श्लेषाचे दोन प्रकार केले. शब्द न तोडता दोन अर्थ निघाले तर अभंग श्लेष, तोडून निघाले तर सभंग. ‘नमन’ केलं, पण ते ‘न मन’ होतं, म्हणजे मनापासून नव्हतं, असं कोणी म्हटलं तर तो सभंग श्लेष झाला. फ्रेंच लोक ज्याला ‘कालांबूर’ म्हणतात, त्यात या सभंग प्रकाराचा भरणा फार आहे. दुसरा एक प्रकार म्हणजे ‘कोंत्रपेत्री’. दोन शब्दांतले आवाज आपसांत बदलायचे आणि नवा, शक्यतो वाह्यात, अर्थ काढायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘पावभाजी’ची ‘भाव पाजी’ करायची. गाडीवर पैसे देताना हे मनात येऊन गेलेले श्रोते इथे असतील. राब्लेच्या १५३२ च्या ‘पाँताग्र्युएल’मध्येही हा खेळ आहे. म्हणजे तो जवळजवळ पाचशे वर्षं तरी जुना आहे.

आता सत्तेकडे येऊ. १६३५ साली कार्डिनल रिशल्यने फ्रेंच अकादमी स्थापन केली. भाषेला नियम घालून द्यायचे, शब्दकोश करायचा, हे तिचं काम. शब्दकोशाची पहिली आवृत्ती निघायला १६९४ साल उजाडलं. दरम्यान शब्दांचं लेखन कसं ठरवायचं यावर अकादमीत खल चालला होता. बोलतात तसं लिहावं असं म्हणणारे लोकही होते. १६७३ च्या सुमारास मेझरे या सदस्याने जो मसुदा तयार केला, त्यात जुनं लेखन का ठेवावं याचं कारण उघड दिलेलं आहे. या लेखनामुळे विद्वान माणूस हा अडाण्यांपासून आणि साध्या बायकांपासून वेगळा ओळखू येतो, असं ते कारण. आजच्या कोणत्याही समितीने असं वाक्य कागदावर ठेवलं नसतं. मनात ठेवलं असतं. पण त्यामुळे एक गोष्ट आपल्याला स्वच्छ कळते. कान आणि डोळा यांच्यातली ती फट निव्वळ अपघाताने राहिलेली नाही. ती राखली गेली, आणि कोण आत, कोण बाहेर हे ठरवण्यासाठी राखली गेली.

याच्या एक वर्ष आधी, १६७२ मध्ये, पॅरिसच्या रंगभूमीवर मोलिएरचं ‘ले फाम सावाँत’ म्हणजे ‘विदुषी स्त्रिया’ हे नाटक आलं. मोलिएर आपल्याला परका नाही. हरिभाऊ आपट्यांनी त्याचा वैद्य मराठीत आणला, आणि ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हे शब्द आपल्या बोलण्यात मुरले. तर या नाटकात मार्तीन नावाची मोलकरीण आहे. मालकीण तिला कामावरून काढते. चोरी केली? नाही. भांडं फोडलं? नाही. तिने व्याकरण मोडलं! वोझला या वैयाकरणाने १६४७ साली घालून दिलेले नियम हिने पायदळी तुडवले. घरातली दुसरी विदुषी तिला विचारते, की तू जन्मभर व्याकरणाचा असा अपमान करणार का? त्या काळी व्याकरण या अर्थाच्या शब्दाचा उच्चार नाकातून होई, ‘ग्राँमेर’. आणि आजी या अर्थाचा शब्दही ‘ग्राँमेर’. मार्तीन गोंधळून जाते. आपण आजीचा किंवा आजोबांचा अपमान कधी केला, हेच तिला कळत नाही.

प्रेक्षक हसले असणार. पण कोणाला हसले? वरवर पाहता अडाणी मोलकरणीला. जरा थांबून पाहिलं तर चित्र बदलतं. मार्तीनच्या जगात ज्यांचा अपमान करू नये अशी माणसं आहेत: आजी आहे, आजोबा आहेत. मालकिणीच्या जगात त्या जागी व्याकरण येऊन बसलं आहे. घरचा मालक क्रीझाल बिचारा म्हणतो, की मी रश्श्यावर जगतो, भाषेवर नाही. शेवटच्या अंकात मार्तीन परत येते आणि मालकाची बाजू ठणकावून मांडते. मोलिएरने तिच्या तोंडी अशुद्ध भाषाच ठेवली आहे आणि शहाणपणही तिच्याच तोंडी ठेवलं आहे. इथे कोटी अजाणता झालेली आहे, म्हणजे मार्तीनने ती केलेली नाही. ती तिच्याकडून होते. जाणूनबुजून करणारे पुढे येतात.

त्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे मार्की द ब्येव्र. जन्म १७४७, मृत्यू १७८९. या गृहस्थाने कोटी हाच व्यवसाय केला म्हणा ना! १७७० साली त्याने एक पत्र छापलं. ते कोणाला लिहिलेलं? ‘कोंतेस तास्यों’ या बाईंना. कोंतेस म्हणजे काउंटेस. पण हे नाव सलग म्हटलं की ‘कोंतेस्तास्यों’ होतं, म्हणजे वाद, तक्रार. सगळं पत्र असल्या कोट्यांनी ठासून भरलेलं आहे. दिदरोच्या विश्वकोशाला पुढे जी पुरवणी निघाली, तिच्यात ‘कालांबूर’ची नोंदही त्याचीच. व्होल्तेरसारख्यांना या कोट्यांचं वेड मुळीच पसंत नव्हतं. त्यांना ते विचाराचं मरण वाटे. दरबाराला मात्र ते फार आवडलं.

ब्येव्रची एक गोष्ट सांगतात. राजा त्याला म्हणाला, माझ्यावर एखादी कोटी करून दाखव. राजा पंधरावा लुई की सोळावा, याबद्दल सांगणाऱ्यांत एकमत नाही. उत्तर देणारा ब्येव्रच होता की दुसरा कोणी, यावरही नाही. पण उत्तर सगळे एकच सांगतात: महाराज, राजा हा ‘स्यूझे’ नव्हे. फ्रेंचमध्ये ‘स्यूझे’ म्हणजे बोलण्याचा विषय, आणि ‘स्यूझे’ म्हणजेच प्रजाजन. राजा हा विनोदाचा विषय होऊ शकत नाही, कारण राजा कोणाचा प्रजाजन नाही. पात्रीस लकाँतच्या ‘रिदिक्यूल’ या १९९६ च्या चित्रपटातही हा प्रसंग आहे. ज्यांनी तो पाहिला असेल, त्यांना तिथली दरबारी धास्तीही आठवेल.

मराठीत या कोटीचा निम्माच भाग येतो. ‘विषय’ आला की ‘प्रजाजन’ सुटतो. जाता जाता सांगतो, गुप्तकाळात ‘विषय’ म्हणजे जिल्ह्यासारखा प्रदेश आणि त्याचा अधिकारी तो विषयपती. म्हणजे ज्याच्यावर बोलायचं तो विषय आणि ज्याच्यावर राज्य करायचं तोही विषय, ही जोडी आपल्या शब्दाच्या पोटातही कधी काळी होती. आपण ती विसरलो, एवढंच.

पण ब्येव्रचं उत्तर नीट पाहा. हुशारी कबूल, धाडस मात्र त्यात नाही. कोटी करायला सांगितली तेव्हा त्याने केली, आणि तीतून सांगितलं काय, तर मी तुमच्यावर कोटी करू शकत नाही. दरबारातला विनोद असा असतो. तो राजाच्या दारापर्यंत जातो आणि तिथून मुजरा करून परत येतो.

आता जवळपास शंभर वर्षं पुढे या. तिसऱ्या नेपोलियनचं साम्राज्य आहे, वर्तमानपत्रांवर पाळत आहे. १८६८ साली बंधनं जरा सैल होतात, आणि त्या वर्षाच्या मे महिन्याअखेर आँरी रोशफोर हा पत्रकार ‘ला लाँतेर्न’, म्हणजे ‘कंदील’, नावाचं छोटं साप्ताहिक काढतो. लाल मुखपृष्ठ, खिशात मावणारा आकार. पहिल्याच अंकाचं पहिलंच वाक्य कोटीचं आहे. त्याचा आशय असा, की शाही पंचांगानुसार फ्रान्समध्ये तीन कोटी साठ लाख ‘स्यूझे’ आहेत. असंतोषाचे ‘स्यूझे’ त्यात धरलेले नाहीत. म्हणजे प्रजाजन इतके, आणि तक्रारीचे विषय वेगळे मोजा!

शब्द तोच. ब्येव्रच्या तोंडी त्याने राजाला विनोदापलीकडे ठेवलं होतं. रोशफोरच्या लेखणीत तो शब्द रस्त्यावर उतरला. शिवाय आकडा सरकारचा, पंचांग सरकारचं, शब्दही सरकारचा. लेखकाने फक्त तो दुसऱ्यांदा उच्चारला. पहिल्या अंकाच्या लाखाच्या वर प्रती गेल्या. ऑगस्टमध्ये अंक जप्त झाला, रोशफोर ब्रसेल्सला पळाला आणि तिथून ‘कंदील’ चोरवाटेने फ्रान्समध्ये येऊ लागला. आपल्याकडे शिवरामपंत परांजप्यांनी १८९८ साली काढलेलं ‘काळ’ हे पत्र तुम्हाला आठवेल. तिथेही नाव दोन अर्थांचं, वक्रोक्ती हेच हत्यार, आणि शेवट १९०८ च्या राजद्रोहाच्या शिक्षेत. सरकारला सरळ शिवी पकडता येते. दुहेरी बोलणं पकडायचं तर आधी दुसरा अर्थ आपल्यालाही कळला, हे कोर्टात कबूल करावं लागतं.

तिसरा शब्द आहे ‘आंशेने’, म्हणजे साखळदंडात जखडलेला. पहिल्या महायुद्धाआधी क्लेमाँसोचं एक पत्र होतं, ‘लॉम लीब्र’, म्हणजे ‘मुक्त मनुष्य’. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं, सेन्सॉर आलं, क्लेमाँसोने सरकारवर टीका केली, आणि पत्रावर बंदी आली. तेव्हा त्याने नाव बदललं: ‘लॉम आंशेने’, जखडलेला मनुष्य. सप्टेंबर १९१५ मध्ये मोरिस मारेशाल आणि त्याच्या सोबत्यांनी एक विनोदी पत्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘ल कानार आंशेने’, जखडलेलं बदक. ‘कानार’ म्हणजे बदक, ‘कानार’ म्हणजे खोटी बातमी, आणि बोलीत ‘कानार’ म्हणजे वर्तमानपत्रही. एका नावात तीन अर्थ, वर क्लेमाँसोला चिमटा. पुढची गंमत अशी, की १९१७ मध्ये क्लेमाँसो पंतप्रधान झाला. त्याचा मनुष्य पुन्हा ‘मुक्त’ झाला, पत्राला जुनं नाव परत मिळालं. सेन्सॉर मात्र १९१९ पर्यंत राहिलं. बदक जखडलेलंच राहिलं, आणि आजही त्याच नावाने निघतं. जर्मन फौजा आल्या तेव्हा, जून १९४० मध्ये, ते बंद झालं आणि पॅरिस मुक्त झाल्यावर सप्टेंबर १९४४ मध्ये पुन्हा निघालं. जर्मनांच्या परवानगीने विनोद करायचा नाही, हाही एक विनोदाचाच संप्रदाय आहे. याच पत्रात वर्षानुवर्षं कोंत्रपेत्रींचं सदर आहे. त्याचा नियम असा, की उत्तर छापायचं नाही. ज्याने त्याने आपल्या मनात अक्षरं बदलायची आणि एकट्याने लाल व्हायचं.

इथे एक तात्त्विक मुद्दा. बर्गसाँचं हास्यावरचं पुस्तक १९०० सालचं. त्यात तो कोटीकडे भाषेचं क्षणभर भान सुटणं म्हणून पाहतो. भाषा आपलं खरं काम विसरते, म्हणून कोटी होते. बर्गसाँबद्दल आदर ठेवून सांगतो, इथे आमचं त्याच्याशी जमत नाही. रोशफोरच्या वाक्यात कोणाचं भान सुटलं आहे? ‘स्यूझे’ म्हणजे प्रजा, हे इतक्या वेळा म्हटलं गेलं, की त्यातली माणसं दिसेनाशी झाली. कोटीने तो शब्द पुन्हा ऐकायला लावला. आम्ही याला भान येणं म्हणू.

पण याचा अर्थ कोटी नेहमी दुबळ्याच्या बाजूने असते, असा घेऊ नका. हाच रोशफोर पुढे द्रेफ्यूस प्रकरणात निरपराध ज्यू अधिकाऱ्याच्या विरोधकांत सामील झाला, आणि त्याची धारदार लेखणी त्या विषारी प्रचाराला उपयोगी पडली. आणखी जवळचं उदाहरण घ्या. १९८८ मध्ये उजव्या टोकाचा नेता झाँ-मारी ल पेन याने द्यूराफूर नावाच्या मंत्र्यावर कोटी केली. ‘फूर’ म्हणजे भट्टी. त्याने त्या नावापुढे ‘क्रेमातवार’ हा शब्द जोडला. आता भट्टी प्रेतं जाळण्याची झाली, म्हणजे नाझी छळछावण्यांची. रचना पाहिली तर ब्येव्रच्या काउंटेसचीच, सभंग श्लेषाची. सभेला काय वाटायचं ते वाटलं; कोर्टाने पुढे त्याला दंड केला. तंत्रात खोट काहीच नव्हती. म्हणून कोटी ऐकली की ती किती चपखल आहे, एवढं विचारून थांबू नये. शब्द कोणाकडून घेतला आणि कोणावर फेकला, हेही विचारावं.

आता शेवटचं उदाहरण. यात हसायला काही नाही.

झॉर्झ पेरेक, जन्म १९३६, पॅरिस. आईवडील पोलंडहून आलेले ज्यू. वडील फ्रेंच सैन्यात भरती झाले आणि जून १९४० मध्ये मारले गेले. आईला फेब्रुवारी १९४३ मध्ये आउश्वित्झला पाठवण्यात आलं. ती परतली नाही. मृत्यूचा दाखला कसा देणार? युद्धानंतर शासनाने कागद दिला तो ‘दिस्पारीस्यों’चा, म्हणजे नाहीसं झाल्याचा.

१९६९ मध्ये पेरेकने सुमारे तीनशे पानांची कादंबरी लिहिली. नाव ‘ला दिस्पारीस्यों’. या सबंध कादंबरीत रोमन लिपीतलं ‘ई’ हे अक्षर एकदाही नाही. फ्रेंचमध्ये सर्वांत जास्त लागणारं अक्षर ते! अक्षर गाळलं आहे हे एका समीक्षकाच्या लक्षातही आलं नाही, असं सांगतात. पेरेक ‘ऊलिपो’ या लेखक-गणितज्ञांच्या मंडळातला. असले अवघड नियम घालून लिहिणं हा त्यांचा छंद. म्हणून बऱ्याच जणांनी ही कसरत समजून टाळ्या वाजवल्या.

आता कानाने ऐका. या अक्षराचं फ्रेंच नाव ओठ गोल करून म्हटलेल्या ‘ए’सारखं आहे. ‘ते सगळे’, ‘त्यांना’, या अर्थाच्या फ्रेंच सर्वनामाचा उच्चारही तोच. म्हणजे ‘त्या अक्षराशिवाय’ आणि ‘त्यांच्याशिवाय’ हे दोन्ही कानाला एकच. हे अक्षर नसलं की फ्रेंचमध्ये आई लिहिता येत नाही, वडील लिहिता येत नाहीत, कुटुंब लिहिता येत नाही. झॉर्झ पेरेक हे नावही नाही. त्यात ते अक्षर चार वेळा येतं. १९७५ मध्ये त्याने बालपणावरचं पुस्तक लिहिलं. अर्पणपत्रिकेत त्याच एका अक्षराला ते अर्पण केलेलं आहे. मोठ्याने वाचलं की होतं, ‘त्यांच्यासाठी’.

शासनाने एका मुलाला त्याच्या आईबद्दल एक शब्द दिला होता, नाहीसं होणं. त्याने तो शब्द घेतला आणि तीनशे पानं त्या शब्दाचा अर्थ करून दाखवला. मेझरेच्या अकादमीने जी फट विद्वानांची ओळख म्हणून राखली होती, त्या फटीत या मुलाने आईवडिलांना जागा केली.

‘स्यूझे’ या शब्दाचा तिसरा अर्थ आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. फ्रेंच व्याकरणात ‘स्यूझे’ म्हणजे वाक्याचा कर्ता, आणि तत्त्वज्ञानात ‘स्यूझे’ म्हणजे जाणणारा, ‘मी’ म्हणणारा. ज्याच्यावर राज्य चालतं तो आणि जो स्वतः करतो तो, दोघांना एकच शब्द. फूकोसारख्यांनी या जोडीवर बरंच लिहिलं आहे. त्याची चर्चा वेगळ्या व्याख्यानात करू. आज एवढंच लक्षात ठेवू, की मोलकरणीकडून नकळत घडलेल्या कोटीपासून पेरेकच्या गाळलेल्या अक्षरापर्यंत, या शब्दाची पहिल्या अर्थाकडून तिसऱ्या अर्थाकडे ये-जा चालू असते. ती नेहमी पुढेच जाते असं नाही, हेही आपण पाहिलं.

प्रश्न असतील तर घेऊ.